गाणे कुणाच्या दारी

अल्लीपूर हे वर्धा जिल्ह्याच्या हिंगणघाट तालुक्यातले मोठे गाव. काळी जमीन, कापूस, सोयाबीन, बांधाला तूर. या भागात वाढणाऱ्या मुलाचे कान फार लवकर तयार होतात. कार्तिकात पहाटे काकड आरतीचे टाळ वाजतात. तुकडोजी महाराजांनी मोझरीला १९३५ मध्ये गुरुकुंज उभारले, तेव्हापासून वर्धा-अमरावतीकडच्या गावांत खंजिरीची भजने आणि संध्याकाळची सामुदायिक प्रार्थना रुजली. बुद्धविहारात वंदना असते आणि एप्रिल उजाडला की भीमगीतांना रात्र पुरत नाही. या गजबजाटात एखाद्या ख्रिस्ती घरातले पोर तोंड उघडते तेव्हा ते शांततेत गात नसते. त्याच्या आधीपासून सगळे गाव गात असते.

वर्धा जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे शंभरात एकही भरत नाहीत. चर्चची मंडळी लहान, पाळक एक, बहुधा दोन-तीन गावे मिळून. अशा ठिकाणी रविवारची शब्बाथ शाळा, पेटी, एखादी ढोलकी आणि डिसेंबरातली कॅरल फेरी हीच मुलांची खरी धर्मशाळा असते. म्हणूनच 'मुले गाण्यातून श्रद्धेत वाढतात' हे वाक्य मंडळीत नेहमी ऐकू येते. वाक्य खोटे नाही, पण ते फार लवकर संपते. गाण्याने वचन पाठ होते, हे खरे. पण पाठ तर पाढेही होतात, आणि पाढ्यांनी कुणी भक्त झाल्याचे ऐकिवात नाही. चालीने शब्द लक्षात राहतात एवढ्यावरून श्रद्धा वाढली असे मानायचे, तर जाहिरातीच्या गाण्यांनी एव्हाना साऱ्या महाराष्ट्राला साबणाचे भक्त केले असते.

खरा प्रश्न गाणे तोंडातून निघाल्यानंतरचा आहे. ते जाते कुठे? कुणाच्या दारी?

याबाबत एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. जर्मनीतल्या लाइपझिग शहरात सेबास्टियन कर्शनर आणि मायकल टोमासेलो या संशोधकांनी चार वर्षांची ९६ मुले घेतली आणि त्यांच्या जोड्या लावल्या. काही जोड्यांना एका खेळात एकत्र गायला, नाचायला, वाजवायला दिले. बाकीच्यांना तोच खेळ गाण्यावाचून. नंतर एका मुलाच्या हातातल्या नळीतून गोट्या सांडतील अशी योजना होती. दुसरे मूल आपले काम टाकून मदतीला येते का, हे पाहायचे होते. एकत्र गायलेली मुले जास्त वेळा धावून आली. २०१० मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला आणि संगीतशिक्षकांना आनंद झाला. मंडळीतल्या गायनशिक्षकालाही तो होईल. पण मदत झाली ती बरोबर गायलेल्याला. जो त्या खेळात नव्हता त्याच्या गोट्या सांडल्या असत्या तर काय, हे त्या प्रयोगाने विचारलेच नव्हते. एकत्र गाण्याने वर्तुळ घट्ट होते. घट्ट वर्तुळाला कधी कधी दारच राहत नाही. फौजाही गातात, दंगलीला निघालेले जमावही गातात.

मदतीला धावणारे आणि दार बंद करणारे, गाण्याची ही दोन्ही टोके हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती मुलांच्या इतिहासात दिसतात. १५४२च्या मे महिन्यात ख्रिस्ती धर्मप्रचारक फ्रान्सिस झेवियर गोव्यात उतरला. हातात घंटा घेऊन तो गल्ल्यांतून फिरायचा, मुले गोळा करायचा आणि धर्माची मूलतत्त्वे त्यांच्याकडून चालीवर म्हणवून घ्यायचा. पुढे तमिळ किनाऱ्यावर, मोती काढणाऱ्या लोकांच्या वस्त्यांत गेल्यावर त्याला आजाऱ्यांची बोलावणी इतकी येऊ लागली की एकट्याने जाणे अशक्य झाले. मग तो मुलांना पाठवू लागला. मुले आजाऱ्याच्या घरी जायची, घरच्यांना नि शेजाऱ्यांना बोलवायची, सगळ्यांकडून श्रद्धेची वचने म्हणवून घ्यायची, आजाऱ्याला धीर द्यायची. १५४४च्या जानेवारीत कोचीनहून लिहिलेल्या पत्रात त्याने हे कौतुकाने नोंदवले आहे. शिकलेले म्हणणे शिकवणाऱ्याला ऐकवून दाखवायचे नव्हते, खाटेवरच्या माणसाकडे न्यायचे होते. दहा वर्षांचे पोर त्या क्षणी विद्यार्थी राहत नाही. कुणाला तरी आपली गरज आहे, हे त्याला कळते.

पण त्याच काळातल्या त्याच्या लेखनात दुसरेही चित्र आहे, आणि ते झाकून ठेवणे अप्रामाणिकपणाचे होईल. हीच मुले आपल्या आईबापांच्या घरातल्या मूर्तिपूजेची बातमी त्याच्याकडे आणत. तो त्यांना घेऊन जाई आणि मुले मूर्ती फोडत, त्यांची विटंबना करत. तीच मुले, तीच शिकवण, तेच पाठ केलेले शब्द. फरक फक्त पाऊल कुठे पडले याचा. एका दारात मूल काही द्यायला गेले, दुसऱ्या दारात काही हिसकावायला. यातल्या कुठल्या दारी त्याची श्रद्धा वाढली आणि कुठल्या दारी नुसता जोर वाढला, हे ओळखायला धर्मशास्त्राची पदवी लागत नाही.

झेवियरनंतर सदतीस वर्षांनी, १५७९ मध्ये, थॉमस स्टीफन्स नावाचा इंग्रज जेझुइट गोव्यात आला. त्याने वेगळी वाट धरली. रायतूर येथे १६१६ मध्ये छापलेले त्याचे 'क्रिस्तपुराण' जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे आहे. ओवी म्हणजे जात्यावरची, पाळण्याजवळची, पोथीतली. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांना आपली पुराणे तुटल्याची खंत होती. त्यांना स्टीफन्सने पुराणच दिले, आणि ज्ञानेश्वरी-एकनाथांच्या छंदात दिले. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषा सोडून द्यायचे फर्मान काढले. तरी हे पुराण हस्तलिखितांतून नि तोंडातोंडी टिकले. मंगळूरकडच्या कॅथलिक घरांत ते विसाव्या शतकातही गायले जात होते, आणि १९०७ मध्ये तिथूनच त्याची नवी आवृत्ती निघाली. राजसत्तेच्या फर्मानाला जे मोडता आले नाही ते घरातल्या म्हाताऱ्यांनी नि त्यांच्या मांडीवरच्या पोरांनी जपले.

गाणे दुसऱ्याच्या दारी नेऊन देणे ही सेवा असेल, तर इथे सेवा या शब्दाचा एक दुर्लक्षित अर्थ उजेडात येतो. ऐकणाऱ्याच्या कानाला ओळखीच्या चालीत गाणे ही मुळात सेवाच आहे. परक्या चालीतले गाणे ऐकणाऱ्याकडून आधी कष्ट मागते, मग काही देते. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले ते याच जाणिवेतून. चिपळ्या, साकी, दिंडी, अभंग हे सगळे त्यांनी आपलेसे केले. आणि नारायण वामन टिळकांनी तर त्या परंपरेला मराठी कवितेच्या मुख्य प्रवाहात आणून सोडले.

टिळकांचे विदर्भाशी नाते आहे, ते वर्ध्याच्या वाचकाने विसरू नये. ख्रिस्ती होण्याआधीची काही वर्षे ते नागपुरात आप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने होते. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला, आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी शेकडो भजने लिहिली. मराठी मंडळ्यांच्या 'उपासना संगीता'तून ती आजही गायली जातात. त्यांना फुलामुलांचे कवी म्हणतात, आणि मिशनच्या 'बालबोधमेवा' या मासिकातून त्यांनी मुलांसाठी लिहिले. मुलांसाठी लिहिताना उपदेशाचा हात त्यांनी बराच आवरता घेतला होता, हे त्या कवितांचे बळ.

टिळकांच्या घरातली एक गोष्ट या लेखाच्या मुद्द्याला अगदी भिडणारी आहे. त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे बालकवी, तरुणपणी नगरला टिळकांच्या घरी राहिले. टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी 'स्मृतिचित्रे' या आत्मकथनात त्यांच्याबद्दल पोटच्या पोरासारखे लिहिले आहे. घर ख्रिस्ती, उपासना ख्रिस्ती, भजने ख्रिस्ती. बालकवी हिंदूच राहिले, आणि १९१८ मध्ये भादली स्थानकाजवळच्या अपघातात गेले तेव्हाही हिंदूच होते. टिळकांची भजने अपयशी ठरली काय? हिशेब बाप्तिस्म्यांच्या वहीत ठेवायचा तर तसेच म्हणावे लागेल. पण ज्या घरात गाणे सौदा न करता वाटले जाते, तिथे परक्याचे पोरही सुखाने राहते. टिळक स्वतः १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' उभारायला निघाले, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघांनाही जागा होती. यातली संगती योगायोगाची वाटत नाही.

आजची कॅरल पार्टी पाहिली की टिळक आठवतात, ते थोडे कुरकुरतच. मोबाइलवर हिंदी गाण्याचा तयार ट्रॅक लावायचा, मुलांनी हातवारे करायचे, शेवटी इंग्रजीत शुभेच्छा. मुलांना मजा येते, ते बरेच आहे. पण शेजारच्या ओट्यावर बसलेल्या सत्तर वर्षांच्या म्हातारीला त्यातले काय मिळाले? तिला अभंगाची चाल लावली असती तर दुसऱ्या ओळीला तिने टाळी धरली असती. ती मुलांबरोबर गायली असती. आणि परधर्माची एक म्हातारी आपल्या गाण्यात सूर मिळवते, हा अनुभव त्या मुलांना कुठल्याही बक्षीस समारंभापेक्षा जास्त शिकवून गेला असता.

आता अवघड भाग. गाणे द्यायचे म्हटले की घेणाऱ्याची स्थिती पाहावी लागते, आणि गाणाऱ्याचीही.

पंडिता रमाबाईंनी ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढले, पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. सदनात धर्माच्या बाबतीत कुणावर सक्ती नसेल, असे वचन होते. रमाबाई स्वतः ख्रिस्ती. त्या आपल्या खोलीत प्रार्थना करत आणि दार उघडे ठेवत. काही मुली येऊन बसू लागल्या. पुण्यात गदारोळ उठला, 'केसरी'ने झोड उठवली, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर यांच्यासह सल्लागार मंडळाने राजीनामे दिले; पालकांनी वीस-पंचवीस मुली काढून नेल्या. रमाबाईंचे म्हणणे सरळ होते: मी कुणाला बोलावत नाही, पण माझ्या प्रार्थनेचे दार मी लावून का घ्यावे? दुसऱ्या बाजूचे म्हणणेही अगदीच पोकळ नव्हते. ज्या बालविधवेला जगात दुसरे छप्परच नाही, तिच्यासाठी उघडे दार हे नुसते उघडे दार असते का? सक्ती नव्हती; उपकाराचे ओझे मात्र होते, आणि ओझे आवाज करत नाही.

पुढे १८९६-९७च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात आल्या आणि शेकडो मुली, विधवा वाचवून केडगावला घेऊन गेल्या. वर्धा जिल्हा तेव्हा त्याच मध्य प्रांतात होता. हे काम ज्याने केले नाही त्याने त्यावर बोट ठेवताना दहादा विचार करावा. तरीही अनाथाश्रमांच्या इतिहासात एक सवय पुष्कळ ठिकाणी दिसते, आणि ती एकट्या ख्रिस्ती संस्थांची नाही: पाहुणे आले की मुलांना रांगेत उभे करायचे आणि गाणे म्हणून घ्यायचे. पाहुणे डोळे पुसतात, पावती फाडतात. या गाण्यात मूल सेवा करत नाही, ते खंडणी भरते. पोटासाठी गाणे यात कमीपणा काही नाही; लहानपणी मार्टिन ल्यूथरही शाळकरी सोबत्यांबरोबर आयझनाखच्या घरोघरी गात भाकरी मागत असे, आणि आपल्याकडे माधुकरी मागून शिकलेली पिढी फार जुनी नाही. तिथे गरज उघड असते. संस्थेच्या दिवाणखान्यात मात्र गरज संस्थेची असते आणि आवाज मुलाचा वापरला जातो.

उलट उदाहरण जर्मनीतलेच. सहा जानेवारीच्या सुमारास तिथली मुले तीन राजांचा वेश करून घरोघर गातात, दाराच्या चौकटीवर खडूने आशीर्वादाची अक्षरे लिहितात आणि जगभरातल्या गरजू मुलांसाठी निधी जमवतात. रूढी जुनी, पण १९५९ पासून तिला देशव्यापी संघटित रूप आले आणि ती मुलांनी मुलांसाठी चालवलेली फार मोठी मोहीम झाली. इथेही पैसा आहे, इथेही डोळे पुसणारे असतील. पण मूल मागते ते आपल्यासाठी नव्हे, आणि जाताना दारावर काही ठेवून जाते.

मुलाला न गाण्याचाही अधिकार हवा. ही गोष्ट भारतात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली होती. केरळातल्या एका शाळेत तीन भावंडे राष्ट्रगीताच्या वेळी अदबीने उभी राहत, पण गात नसत. त्यांच्या ख्रिस्ती पंथाच्या श्रद्धेत ते बसत नव्हते. १९८५ मध्ये त्यांना शाळेतून काढले. बिजो इमॅन्युएल विरुद्ध केरळ राज्य या खटल्यात ऑगस्ट १९८६ मध्ये न्यायालयाने त्यांना परत घ्यायला लावले. हा निकाल मंडळीतल्या लोकांना सहसा आवडतो, कारण त्यात ख्रिस्ती मुलांची बाजू उचलली गेली. पण तोच निकाल उलटा फिरवून पाहावा. संविधानाच्या २८व्या कलमानुसार मान्यताप्राप्त किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कुणालाही संमतीवाचून धार्मिक शिक्षणात वा उपासनेत भाग घ्यायला लावता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. मिशनशाळेच्या प्रार्थनेत ओठ मिटून उभे राहिलेले हिंदू किंवा बौद्ध मूल, आणि मंडळीतच वाढलेले पण यंदा कॅरलला यायचे नाही म्हणणारे तेरा वर्षांचे मूल, या दोघांच्या मौनाला तीच अदब मिळते का? ज्याला गप्प बसता येते त्याच्याच गाण्याला 'दिले' म्हणता येते.

श्रद्धा देणे कुठे संपते आणि लादणे कुठे सुरू होते, हा वाद वर्धा जिल्ह्याला नवा नाही. तो इथेच, अल्लीपूरपासून फार लांब नाही अशा ठिकाणी, चांगल्या पातळीवर झालेला आहे. अमेरिकन ख्रिस्ती नेते जॉन मॉट १९३६ मध्ये शेगावला, म्हणजे पुढच्या सेवाग्रामला, गांधींना भेटले. १९३८ मध्ये पुन्हा आले. सेवेच्या मागे धर्मांतराचा हेतू असू नये, हे गांधींनी अनेकदा, अनेकांना ऐकवले. गुलाब आपल्या सुवासाचा प्रचार करत नाही, हा त्यांचा दाखला प्रसिद्ध आहे. पण याच गांधींच्या आश्रमात ख्रिस्ती भजने गायली जात होती. इंग्रज धर्मगुरू न्यूमनचे १८३३ मधले भजन त्यांना इतके प्रिय की नरसिंहराव दिवेटियांनी त्याचे गुजराती रूप केले आणि ते आश्रमाच्या प्रार्थनेत रुजले. १९३७च्या वर्धा शिक्षण परिषदेनंतर सेवाग्रामला गांधींच्या नई तालीम या शिक्षणपद्धतीची शाळा चालवली ती आशादेवी आणि ई. डब्ल्यू. आर्यनायकम या दांपत्याने; आर्यनायकम श्रीलंकेतून आलेले तमिळ ख्रिस्ती, शांतिनिकेतनात राहून आलेले. वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगाचे काम उभे करणारे जे. सी. कुमारप्पाही ख्रिस्तीच, आणि त्यांनी येशूच्या शिकवणीवर पुस्तक लिहिले. आर्यनायकम आणि कुमारप्पा या दोघांनी आपली श्रद्धा लपवली नाही आणि विकलीही नाही. नई तालीमच्या मुलांच्या दिवसात झाडलोट, सूतकताई, शेती आणि प्रार्थनेचे गाणे यांच्यात भिंत नव्हती. मंडळीच्या शब्बाथ शाळेला नमुना हवा असेल तर परदेशी पुस्तिका मागवण्याआधी सेवाग्रामची एक फेरी करावी.

हिंगणघाटचेही एक देणे आहे. बाबा आमटे यांचा जन्म तिथला, २६ डिसेंबर १९१४चा. त्यांच्या आनंदवनात २००२ मध्ये 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद सुरू झाला. गाणारे-वाजवणारे अंध, अपंग, कुष्ठमुक्त. बाकीचे जग ज्यांच्यासाठी गाणी म्हणून निधी गोळा करायचे, तेच मंचावर आले आणि तिकीट काढून लोक समोर बसले. सेवा करणारा नि करवून घेणारा यांच्या जागा अशा बदलू शकतात, हे ख्रिस्ती मुलांना शिकवण्यासारखे आहे. कारण नाताळच्या फेरीत 'गरिबांकडे जाऊन गाऊ' असे म्हणणाऱ्या मंडळीतली निम्मी मुले स्वतः मजुरांच्या घरची असतात.

मग अल्लीपूरसारख्या गावात डिसेंबरात गाणी कुठे न्यायची? हे ठरवताना एक गोष्ट टाळता येत नाही. २००६ मध्ये केंद्र सरकारने शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांसाठी मदतीची योजना जाहीर केली त्यात वर्धा होता. फेरीच्या वाटेवर असे एखादे घर असू शकते. डफ वाजवत, टोप्या घातलेली पोरे त्या दाराशी आली तर काय गातील? जन्मोत्सवाची बहुतेक गाणी आनंदाची आहेत. ती तिथे ओरडून म्हणणे क्रूरपणा, आणि ते घर टाळून पुढे जाणे त्याहून वाईट.

या प्रश्नाचे उत्तर गावच्या भजनी मंडळाला माहीत असते. मयतीच्या घरी भजन कसे म्हणायचे, मृदंग किती हलका ठेवायचा, कधी नुसतेच बसायचे आणि चहा न घेता कधी उठायचे, हे शिष्टाचार पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. ख्रिस्ती मुलांच्या गायनशिक्षकाने दोन संध्याकाळी त्या मंडळात जाऊन बसावे. तिथून टिळकांचा एखादा अभंग संथ लयीत बसवून आणावा, कारण ती लय तिथेच मिळेल. वेळही बदलावी लागेल. कापसाची वेचणी चालू असते तेव्हा घरची माणसे दिवे लागल्यानंतर वावरातून येतात, चूल उशिरा पेटते. सात वाजता दार वाजवले तर दारात फक्त म्हातारी नि शेळी. साडेआठनंतर निघायचे तर लहान मुलांना झोप येते, म्हणून त्यांना दुपारीच थोडे झोपवून घ्यावे लागते, आणि हे काम बहुतेक वेळा पाळकाच्या बायकोकडे येते.